वाढत्या दुकानांचा डेटा: नवा सर्व्हर, क्लाउड की दोन्ही? (कोल्हापूर)

रंकाळा_चौपाटी
नमस्कार मंडळी. किराणा आणि घरगुती वस्तूंच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत संगणक विभाग बघतो. शाहूपुरीतल्या एका दुकानापासून सुरुवात झाली. आता राजारामपुरी, कागल, इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली करत करत नुकतीच गडहिंग्लजलाही शाखा निघाली. दुकानं वाढली, पण डेटाची व्यवस्था एका दुकानाच्या काळातलीच राहिलीय.

प्रत्येक शाखेत बिलिंगचा मुख्य संगणक आहे, त्यावर एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस (मायक्रोसॉफ्टचं फुकट डेटाबेस सॉफ्टवेअर). रात्री दुकान बंद झालं की त्या दिवसाचा डेटा शाहूपुरीच्या हेड ऑफिसला येतो. तिथं तळमजल्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा टॉवर आहे, आत दोन डिस्क मिररमध्ये (एकीवर लिहिलेलं जसंच्या तसं दुसरीवरही). त्याच मशीनवर टॅली, खरेदीच्या एक्सेल शीट, जाहिरातींची डिझाइनं, सगळंच. दर शनिवारी अकाउंटंटकाका बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी घेतात आणि डिस्क घरी नेतात.

मध्यंतरी इचलकरंजीचं बिलिंग ऐन रविवारी संध्याकाळी अडलं. डेटाबेस १० जीबीला, म्हणजे एक्स्प्रेसच्या मर्यादेला टेकला होता. तेव्हापासून मालकांनी मनावर घेतलंय, खर्चाची तयारी आहे. एक विक्रेता ४० टीबीचा स्टोरेज सर्व्हर घ्या म्हणतो. दुसरा म्हणतो सगळं क्लाउडवर (इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर) टाका आणि ती खोली रिकामी करा. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करावी?

सर्किटवाला
खरेदीच्या आधी मोजणी करा. बिलिंगचा डेटा किती, टॅलीचा किती, शेअर्ड फोल्डर किती, वर्षाला वाढ किती? ४० टीबी हा आकडा आला कुठून?

रंकाळा_चौपाटी
@सर्किटवाला, आजच बघितलं. सगळ्या शाखांचे डेटाबेस मिळून ७० जीबीच्या आसपास. टॅली ६ जीबी. शेअर्ड फोल्डर ९०० जीबी, त्यात बहुतेक फोटो आणि फ्लेक्सची डिझाइनं. ४० टीबीत विक्रेत्यानं सगळ्या शाखांचं सीसीटीव्ही धरलंय.

सर्किटवाला
मग तुमचं कोटेशन कॅमेऱ्यांचं आहे, धंद्याच्या डेटाचं नव्हे. हिशोब करा. एक कॅमेरा २ एमबीपीएसनं रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २१ जीबी होतं. असे १६ कॅमेरे महिनाभर ठेवले की १० टीबी. ते त्या त्या शाखेच्या एनव्हीआरवरच (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) राहू दे, जुनं आपोआप पुसलं जाऊ दे. चोरीबिरीची घटना झाली तर तेवढाच तुकडा बाजूला काढून जपा. बाकीचं फुटेज हेड ऑफिसला आणून त्याचा बॅकअप घेण्यात पैसा घालवू नका.

ज्यावर धंदा चालतो तो तुमचा डेटा १ टीबीच्या आत आहे. तो नीट सांभाळायला ४० टीबी लागत नाहीत.

खाऊगल्ली
मिरर आहे म्हणता, मग एक डिस्क गेली तरी दुसरी आहेच की. घाबरायचं काय कारण?

गगनबावडा_मेल
@खाऊगल्ली, मिरर म्हणजे बॅकअप नव्हे भावा. डिस्क मेली तर दुकान चालू राहावं, एवढंच त्याचं काम. एखाद्यानं चुकून फोल्डर उडवला तर दोन्ही डिस्कवरनं त्याच क्षणी उडतो. व्हायरसनं फाइल खराब केली तर खराब फाइलच दोन्हीकडं. चोर आला तर अख्खा टॉवर उचलून नेणार.

खाऊगल्ली
हे आत्ता टकुऱ्यात शिरलं. आमच्या गाड्यावर फक्त उधारीची वही आहे, तिचा आज रात्रीच मोबाइलवर फोटो काढतो. 😀

व्यापारी_पेठ
मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती "शाहूपुरी, तळमजला" वाचून. आमचं गोडाऊन त्याच भागात आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. २०२१ च्या जुलैत परत तेच.

२०१९ ला आमच्या शेजारच्या ऑफिसात सर्व्हर टेबलावर उचलून ठेवला होता, पाणी टेबलाच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर कॅबिनेट उघडलं तर पंख्याच्या पात्यांत गाळ घट्ट बसलेला, डिस्कच्या कनेक्टरमधून चिखल निघत होता. त्यांची बॅकअपची डिस्क खालच्या ड्रॉवरमध्येच होती. दोन्ही एकाच पाण्यात गेल्या. पुण्याहून कोणी येईल म्हणावं तर शिरोलीजवळ महामार्गच बंद होता.

तुमच्या अकाउंटंटकाकांचं घर कुठं आहे? दुधाळीला किंवा नागाळा पार्कात असेल तर त्या घरी नेण्याचा काही उपयोग नाही. आणखी एक, भिजलेली डिस्क कधीही चालू करून बघू नका, घरी खोलू नका. तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडं द्या.

हुपरीची_चांदी
मग दुसरी कॉपी सांगलीच्या शाखेत ठेवावी.

व्यापारी_पेठ
@हुपरीची_चांदी, नको. इकडं पंचगंगा चढते तेव्हाच तिकडं कृष्णा चढलेली असते. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा दोन्ही शहरं एकदमच अडकली. इचलकरंजीही पंचगंगेवरच. गावातली कॉपी राजारामपुरीसारख्या उंच भागात ठेवा, तीही वरच्या मजल्यावर. आणि एक कॉपी या खोऱ्याच्या पार बाहेर.

डेक्कन_जिमखाना
म्हणूनच म्हणते, सरळ क्लाउडवर जा. ॲमेझॉनची डेटा सेंटर मुंबई आणि हैदराबादला आहेत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात आहे, गूगलचं मुंबई आणि दिल्लीला. पूर, चोरी, डिस्क खराब होणं, सगळ्या चिंता मिटतात. आमच्या पुण्याच्या ऑफिसात एकही सर्व्हर नाही आणि कुणाचं काही अडत नाही. २०२० नंतर कोणी टॉवर विकत घेतं हेच मला पटत नाही.

नेटवर्क_नाना
@डेक्कन_जिमखाना ताई, तुमचं ऑफिस आहे, त्यांचं किराणा दुकान आहे. नेट गेलं तर तुम्ही चहा घेऊन याल, त्यांच्या काउंटरला वीस माणसं ट्रॉली घेऊन उभी असतात. आमच्याकडं रस्ता खोदला की पहिली फायबरच तुटते. बिलिंग शाखेतच चाललं पाहिजे, नेट असो वा नसो.

आणि आकडा बघा. २० एमबीपीएसची अपलोड लाइन तासाला जेमतेम ९ जीबी ढकलते. ९०० जीबी पहिल्यांदा चढवायला चार दिवस, तेही लाइन दुसऱ्या कशाला न वापरता. उद्या सर्व्हर बसला तर तेवढंच सगळं परत खाली आणायचं. बऱ्याच ठिकाणी डेटा खाली उतरवून घेण्याचे पैसेही वेगळे पडतात, ते कोटेशनमध्ये बारीक अक्षरांत असतं. बघून घ्या.

डेक्कन_जिमखाना
नाना, बिलिंग शाखेत राहू दे हे मान्य. पण टॅली, शेअर्ड फोल्डर आणि बॅकअप क्लाउडवर का नको? रोज फक्त बदललेलाच भाग जातो, ९०० जीबी रोज जात नाहीत. आणि २०१२ आर२ ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपला. सुरक्षेचे अपडेट येत नाहीत अशा मशीनवर अख्ख्या कंपनीचा हिशोब ठेवणं मला पुरापेक्षाही धोक्याचं वाटतं.

नेटवर्क_नाना
तिथं मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तो टॉवर निवृत्त करायलाच हवा.

एक_बिलिंगवाली
मी यातली तांत्रिक माणूस नाही. सुपरमार्केटमध्ये काउंटरला बसते. सिस्टीम बंद पडली की काय होतं ते सांगते, कारण ते कुणी लिहीत नाही.

पहिली दहा मिनिटं गिऱ्हाईक थांबतं. मग मॅनेजर बिलबुक काढतो. तूरडाळीचा भाव माहीत असतो, पण शांपूच्या चार साइजचे चार भाव, त्यात ऑफर चालू. एमआरपीनं लावलं तर गिऱ्हाईक भांडतं, "बोर्डावर तर कमी लिहिलंय." कार्डावरचे पॉइंट कापता येत नाहीत. तोवर मागची माणसं ट्रॉली तिथंच सोडून निघून जातात. त्यातलं दही, पनीर परत फ्रीजमध्ये ठेवायला माणूस लागतो. रात्री ती सगळी हातानं केलेली बिलं आम्हीच सिस्टीममध्ये भरतो, साडेअकरा वाजतात.

तुम्ही काहीही घ्या, पण प्रत्येक शाखेत एक जास्तीचा संगणक असू दे. त्यात कालच्या रात्रीपर्यंतचे भाव आणि ऑफर भरलेले असू देत. एक बंद पडला की दुसऱ्यावर बसता आलं पाहिजे. आमच्याकडं तसं केल्यापासून फार सुख आहे.

सर्किटवाला
@एक_बिलिंगवाली, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. रंकाळा, मालकांना दोनच प्रश्न विचारा. काउंटर किती वेळ बंद चालेल? आणि किती वेळाची बिलं हरवलेली चालतील? पहिल्याचं उत्तर "पंधरा मिनिटं" आलं तर शाखेत दुसरं तयार मशीन हवं, क्लाउडवरून डेटा उतरवून जमणार नाही. दुसऱ्याचं उत्तर "अर्धा तास" आलं तर रात्रीची एक कॉपी पुरत नाही, दिवसभर दर पंधरा मिनिटांनी लॉग बॅकअप, म्हणजे मागच्या वेळेनंतर डेटाबेसमध्ये झालेल्या बदलांच्या नोंदींची कॉपी, घ्यावा लागेल. तो अगदी लहान असतो, नानांच्या २० एमबीपीएसवरूनही सहज जातो. डिझाइनच्या फोल्डरसाठी मात्र मालक "दोन दिवस चालतील" म्हणतील. मग त्याला महागडी व्यवस्था कशाला? सगळ्या डेटाला एकच मोजमाप लावलं की एक तर पैसा वाया जातो, नाही तर काउंटर अडतो.

आकडेमोड
सीए आहे, कायद्याची बाजू सांगतो. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेनं हिशोबाची पुस्तकं संगणकावर ठेवली तर त्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. आधी नियमात "ठरावीक कालावधीनं" असं होतं, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनं "रोज" झालं. त्यामुळे शनिवारची डिस्क नियमात बसतच नाही. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअरही बंधनकारक आहे, टॅलीत त्याला एडिट लॉग म्हणतात.

पुस्तकं ८ वर्षं जपायची. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. म्हणजे जुन्या वर्षाचा डेटा "जागा होत नाही" म्हणून उडवायचा नाही. क्लाउड घेताना भारतातलंच केंद्र निवडलंय ना, ते लेखी घ्या. ऑडिटरनं विचारलं तर दाखवता येतं.

हुपरीची_चांदी
टॅलीचा फोल्डर नुसता कॉपी करून ठेवला तर चालतो का?

आकडेमोड
@हुपरीची_चांदी, सगळे बाहेर पडल्यावर केला तर चालतो. कोणी व्हाउचर टाकत असताना केलेली कॉपी अर्धवट निघू शकते. एसक्यूएलचंही तेच. चालू डेटाबेसची मूळ फाइल उचलायची नाही, त्याचा रीतसर बॅकअप घ्यायचा.

गगनबावडा_मेल
मूळ दुखणं राहिलंच, इचलकरंजीचे १० जीबी. एक्स्प्रेस फुकट आहे, पण २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती डेटाच्या फाइलला, लॉगला नव्हे. नवं लायसन्स घ्यायच्या आधी कुठलं टेबल जागा खातंय ते बघा. आमच्या एका गिऱ्हाइकाकडं अर्ध्याहून जास्त जागा वस्तूंच्या फोटोंनी आणि "कुणी कधी लॉगिन केलं" अशा नोंदींनी भरली होती. फोटो बाहेर फोल्डरमध्ये काढले, जुन्या वर्षांची बिलं वेगळ्या डेटाबेसमध्ये नेली, लायसन्सचा खर्च पुढं ढकलला गेला.

एक्स्प्रेसमध्ये एजंट नसतो, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप बॅकअप घ्यायची सोय आतून मिळत नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरवर चढवावं लागतं. विंडोजचा पासवर्ड बदलला की ते काम गुपचूप बंद पडतं, कुणाला पत्ताही लागत नाही.

सर्किटवाला
म्हणून "बॅकअप झाला" असा मेसेज येण्यापेक्षा "आज झाला नाही" असा ओरडा व्हायला हवा. रोज येणारे मेसेज माणूस वाचायचं सोडून देतो.

ताराराणी_चौक
माझा अनुभव एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा, नाव लिहीत नाही. घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप (लांबून संगणक चालवायची सोय) थेट इंटरनेटला उघडा ठेवलेला, पासवर्डही सोपा. शुक्रवारी रात्री कोणीतरी आत शिरलं. शनिवारी सकाळी सगळ्या फाइलींना विचित्र शेपट्या लागलेल्या आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी.

बॅकअप होता. पण तो नॅसवर (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) होता आणि तो नॅस सर्व्हरला झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला. सर्व्हरला जे लिहिता येत होतं ते खंडणीवाल्यालाही लिहिता आलं. बॅकअपही कुलूपबंद. तगली ती फक्त एका सुपरवायझरनं पेन ड्राइव्हवर घेतलेली जुनी उत्पादन शीट.

रंकाळा भाऊ, एक कॉपी तरी अशी ठेवा जी ठरलेली मुदत संपेपर्यंत ॲडमिनलाही पुसता येणार नाही. क्लाउडवर त्याला ऑब्जेक्ट लॉक म्हणतात. नॅस सर्व्हरला ड्राइव्ह म्हणून जोडू नका. त्याचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि नॅसनं स्वतः येऊन डेटा ओढून न्यावा. असा हल्ला झालाच तर लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) कळवावं लागतं, २०२२ पासून तसा आदेश आहे.

डेक्कन_जिमखाना
आणि गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर! पॉइंट कार्डासाठी घेतलेले नंबर म्हणजे वैयक्तिक डेटा, २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो येतो. अकाउंटंटकाकांच्या पिशवीतल्या डिस्कवर ते सगळे उघडे पडलेत. बाहेर जाणारी प्रत्येक कॉपी एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी.

नेटवर्क_नाना
आणि एन्क्रिप्ट केल्यावर किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नका. तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून चालत नाही. कागदावर छापा, बंद पाकिटात एक मालकांकडं, एक बँकेच्या लॉकरमध्ये.

खाऊगल्ली
अकाउंटंटकाकांवर सगळेच घसरलेत. त्या माणसानं इतकी वर्षं दर शनिवारी न चुकता डिस्क नेली, हे पण कोणीतरी म्हणा की!

रंकाळा_चौपाटी
@खाऊगल्ली, अगदी खरं. त्यांच्यामुळंच आज काहीतरी तरी हातात आहे. त्यांचं घर साने गुरुजी वसाहतीत, पाणी येत नाही तिथं. @व्यापारी_पेठ, तुम्ही विचारलं होतंत.

गगनबावडा_मेल
रंकाळा, कुठलंही कोटेशन मंजूर करायच्या आधी एक काम करा. ऑफिसात पडून असलेला एखादा जुना संगणक घ्या, त्याचं नेट काढा. काकांच्या डिस्कवरून सगळ्या शाखा त्यावर उभ्या करून बघा. डेटाबेस उघडला म्हणजे झालं असं नाही. शनिवारच्या विक्रीचा तक्ता त्या त्या शाखेतून छापून मागवा, तोच तक्ता उभ्या केलेल्या डेटावरून काढा आणि बेरीज जुळवा. किती तास लागले ते लिहून ठेवा.

रंकाळा_चौपाटी
सांगितल्याप्रमाणं केलं, म्हणून पुन्हा लिहितोय. काका स्वतः शेजारी बसले होते. दिवसभर लागला, बहुतेक वेळ नुसता डिस्कवरून कॉपी होण्यात गेला. टॅली व्यवस्थित उभी राहिली. बाकीच्या शाखांच्या बेरजा जुळल्या. गडहिंग्लज सापडेना. फोल्डरच नाही. कॉपीची जुनी स्क्रिप्ट निघाली, त्यात शाखांची नावं एकेक करून लिहिलेली. गडहिंग्लज नंतर उघडलं, ते नाव कुणी टाकलंच नाही. हेड ऑफिसला त्यांचा डेटा येतोय, पण बॅकअपमध्ये आजवर एकदाही गेलेला नाही.

मालकांना दाखवलं, ते बराच वेळ त्या स्क्रीनकडं बघत होते. काउंटर किती वेळ बंद चालेल विचारलं तर म्हणाले, "सणात दहा मिनिटंसुद्धा नाही." बिलं हरवण्याबद्दल, "एकही नको, पण पंधरा मिनिटांची सोसेन."

आता असा विचार आहे. शाखेत दुसरं तयार मशीन, आधी इचलकरंजी आणि शाहूपुरीत. दर पंधरा मिनिटांनी लॉग बॅकअप. राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर नॅस, त्यानं स्वतः ओढायचं. रात्री एक एन्क्रिप्टेड कॉपी क्लाउडवर, भारतातच, महिनाभर पुसता न येणारी. जुना टॉवर जाईल, नवा सर्व्हर लहानच घेऊ. सीसीटीव्ही आहे तिथंच. काही चुकतंय का?

सर्किटवाला
शाखांची नावं हातानं लिहायची पद्धत काढून टाका. हेड ऑफिसच्या शाखांच्या यादीवरूनच बॅकअप चालला पाहिजे. नवी शाखा यादीत आली की दुसऱ्या दिवशी तिचा बॅकअप नसेल तर ओरडा झाला पाहिजे. वाढणाऱ्या कंपनीत नेमकं हेच निसटतं.

नेटवर्क_नाना
शाखांना दुसऱ्या कंपनीची एक लाइन किंवा फोरजीचं डोंगल जोडून द्या, लॉग तेवढ्यावरही जातील. शाहूपुरीतला नवा सर्व्हर मात्र तळमजल्यावर नको म्हणजे नको.

व्यापारी_पेठ
यूपीएससुद्धा वर न्या. सगळे सर्व्हर वर चढवतात आणि बॅटऱ्या खालीच राहतात. ही उभं करून बघायची तालीम दरवर्षी मे महिन्यात करा, जूनच्या आत.

एक_बिलिंगवाली
दिवाळीच्या आधीच्या महिन्यात काही बदलू नका, एवढं ऐका आमचं. आणि दुसऱ्या मशीनवर कसं बसायचं ते काउंटरच्या मुलींना आधी दाखवा, फक्त मॅनेजरला नको.

रंकाळा_चौपाटी
ताई, लिहून घेतलं. काउंटरवाल्यांची तालीम शाखानिहाय लावतो. यूपीएसचं खरंच डोक्यात नव्हतं, त्याची वायर वर न्यायला वायरमनला बोलावलंय. ४० टीबीचं कोटेशन परत पाठवलं.

गगनबावडा_मेल
गडहिंग्लजचं काय? नॅस येईस्तोवर थांबू नका.

रंकाळा_चौपाटी
कालच त्यांचा पूर्ण बॅकअप घेतला, जुन्या संगणकावर उभा केला, शनिवारची बेरीज जुळली. एक कॉपी काकांच्या डिस्कवर गेली, या वेळी एन्क्रिप्ट करून.